अक्कलदाढ, पाच मुठी मीठ आणि माझी जाऊ

दाढ काढायची म्हटलं की लोकांना भीती वाटते. मलाही वाटली. पण खरं सांगू का, भीतीपेक्षा मला मत्सर जास्त वाटला, आणि तो दाढेपेक्षा जास्त ठणकला. दवाखान्यातून जो सूचनांचा कागद देतात, त्यावर बर्फ लावा, थुंकू नका, तिखट खाऊ नका असं सगळं असतं. जावेवर जळू नका, असं कुठे लिहिलेलं नसतं. म्हणून मी लिहिते आहे. ज्यांची दाढ काढायची आहे त्यांनी वाचावं, आणि ज्यांना जाऊ आहे त्यांनी तर वाचावंच.

माझं माहेर रावेरचं, सासर फैजपूरचं. मी शाळेत कारकून आहे. घरात सासरे आबा, सासूबाई अक्का, मी, नवरा आणि दोन मुलं. नवरा केळीच्या पॅकिंगचं काम बघतो. धाकटा दीर दीपनगरला वीजकेंद्रात नोकरीला, तो आणि त्याची बायको वैशाली तिथल्या कॉलनीत राहतात. दोन खोल्यांचं क्वार्टर, चोवीस तास पाणी, डोक्यावर सासू नाही. वैशाली साक्रीकडची, म्हणजे धुळे जिल्ह्यातली. सहा वर्षं झाली तिच्या लग्नाला, तरी अजून मध्येच अहिराणी बोलते आणि आमची पोरं ती ऐकायला तिच्या मागे मागे फिरतात. माझ्या मागे कोणी फिरत नाही. मी पाढे विचारते.

ठणका

दिवाळीच्या आधी डाव्या बाजूला, अगदी मागे, काहीतरी टोचायला लागलं. फराळाचं काम समोर होतं. म्हटलं, चकल्या होऊ देत, मग बघू. लवंगेचं तेल लावलं. मग म्हटलं, भाऊबीज होऊ दे. परत लवंगेचं तेल. असं करत करत एके दिवशी सकाळी तोंड उघडायला गेले तर एक बोटसुद्धा आत जाईना. गाल फुगून आला होता.

"माय वं, हे काय झालं?" अक्का म्हणाल्या.

नवऱ्याने टॉर्च लावून बघितलं आणि म्हणाला, "अक्कलदाढ आहे. अडतिसाव्या वर्षी आली म्हणायची तुला अक्कल!" हा विनोद पुढच्या महिन्याभरात मला सगळ्यांनी ऐकवला. मुख्याध्यापकांनी, शिपायाने, दूधवाल्याने, माझ्या सख्ख्या भावाने. प्रत्येकाला वाटत होतं की आपल्यालाच सुचला. तुमच्या ओळखीत कोणाची दाढ निघणार असेल तर एवढी दया करा, हा विनोद करू नका. हसायला सुद्धा तोंड उघडत नसतं.

माझं तुम्हाला सांगणं एकच: तोंड उघडेनासं होईपर्यंत थांबू नका. लवंगेच्या तेलाने दाढ झोपते, बरी होत नाही.

आडवी

जळगावला दातांच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टर बाई माझ्याहून दहा वर्षांनी लहान असतील. हनुवटी टेकवून उभं केलं, यंत्र डोक्याभोवती एक फेरी मारून आलं, आणि पडद्यावर माझे सगळे दात एका ओळीत उभे राहिले. बिचारे सगळे सरळ, आणि दोन्ही टोकांना दोन दाढा आडव्या पडलेल्या.

"ही डावी बघा. पुढच्या दाढेला डोकं लावून झोपली आहे," बाई म्हणाल्या. "उजवीही तशीच आहे, पण ती शांत आहे. तिचं पुढे बघू. डावी मात्र काढावी लागेल. पाच दिवस गोळ्या घ्या, सूज उतरली की काढू. सर्जन गुरुवारी येतात."

मी मनातल्या मनात दिवस मोजले. त्या गुरुवारनंतरच्या रविवारी चंपाषष्ठी होती.

"त्याच्या पुढच्या गुरुवारी चालणार नाही का?"

"काय काम आहे एवढं?"

"भरीत करायचं आहे," मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. जळगावच्याच असाव्यात, कारण हसल्या नाहीत. पण म्हणाल्या, "ही सूज परत आली आणि गळ्याकडे उतरली तर मग जळगावात नाही भागायचं. भरीत दुसरं कोणीही करेल."

दुसरं कोणीही! तेच तर दुखणं होतं.

बाहेर एक कॉलेजातली मुलगी बसली होती. तिचीही अक्कलदाढच. आत गेली आणि पंधरा मिनिटांत बाहेर आली. गालावर बर्फ धरून मोबाइलमध्ये स्वतःचा फोटो काढत होती. तिच्या दाढेची मुळं सरळ होती म्हणे. माणसाला दुसऱ्याच्या साडीचा, बंगल्याचा हेवा वाटतो. मला त्या दिवशी दुसऱ्याच्या मुळांचा वाटला.

बडगी

आता भरिताचं सांगायला हवं, नाहीतर मी एवढी का चिडले ते कळणार नाही.

आमच्या घरात चातुर्मासात वांगं येत नाही. चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-भाकरीचा नैवेद्य दाखवायचा, तळी भरायची, आणि मग वांग्याला तोंड लावायचं. भाऊबंद धरून पस्तीस-चाळीस माणसं आमच्या मागच्या अंगणात जेवतात. बारा किलो वांगी कपाशीच्या काड्यांवर भाजायची, सोलायची आणि बडगीत ठेचायची. बडगी म्हणजे आमच्याकडची लाकडाची मोठी कोरलेली परात. अक्कांच्या सासूच्या वेळची आहे. ती ज्या सुनेच्या हातात, भरीत तिचं. अकरा वर्षांपूर्वी अक्कांचा खांदा धरला, तेव्हा त्यांनी सगळ्या भाऊबंदांसमोर तिचा ठेचायचा दांडा माझ्या हातात दिला. तेव्हापासून "भरीत खावं तर थोरलीच्या हातचं" हे मी दरवर्षी ऐकते. अकरा वर्षं. वर्षात तेवढं एकच कौतुक माझ्या वाट्याला येतं आणि ते मला बाराही महिने पुरतं.

त्यातली मेख अशी की नैवेद्याचं भरीत चाखायचं नसतं. देवाला दाखवेपर्यंत बोटसुद्धा जिभेला लावायचं नाही. म्हणजे मीठ अंदाजाने. बारा किलोला माझ्या तीन मुठी, आणि तिसरी जरा हात आखडता घेऊन. हे मी कोणाला सांगितलेलं नव्हतं. कोणी विचारलं की म्हणायचे, "वासावरून कळतं मला."

दवाखान्यातून घरी आल्यावर अक्कांनी लगेच ठरवून टाकलं. "वैशालीला बोलावून घेऊ. ती करंल."

"वैशाली? साक्रीची माणसं आपल्याला भरीत खाऊ घालणार?"

"साक्रीला काय वांगे पिकत नाहीत का?" अक्का म्हणाल्या आणि शेंगा सोलायला लागल्या.

गुरुवार

ज्यासाठी तुम्ही हे वाचत असाल ते एवढंच: इंजेक्शन टोचताना दुखतं. मग अर्धा चेहरा आपला राहत नाही. ओढाताण कळते, आवाज कळतो, दुखणं कळत नाही. माझी दाढ तुकडे करून काढली. एकदा कट्कन आवाज आला तेव्हा मला वाटलं जबडा गेला. गेला नव्हता. चाळीस मिनिटं लागली, टाके पडले.

एक सिस्टर सगळा वेळ माझ्या कपाळावर हात ठेवून उभी होती. गरज नव्हती, तिला कोणी सांगितलंही नव्हतं. तो हात मला अजून आठवतो. त्याच वेळी सर्जन तिला विचारत होते, आज डब्यात काय आणलं आहे, आणि ती म्हणाली शेवभाजी. डोळ्यांत पाणी आलं. आधीच तिखट बंद आणि वर शेवभाजीचा विषय.

तासभर कापूस दाताखाली दाबून धरायचा. थुंकायचं नाही, गिळायचं. स्ट्रॉने काही ओढायचं नाही. चार दिवस वाकायचं नाही, विस्तवाजवळ बसायचं नाही, बोलायचं कमी. दुसऱ्या दिवसापासून कोमट पाण्यात मीठ घालून गुळण्या, आणि त्याही हळू, तोंडात पाणी नुसतं फिरवायचं.

विस्तवाजवळ बसायचं नाही म्हटल्यावर माझी उरलीसुरली आशाही गेली.

"दाढच ना?"

गेल्या वर्षी वैशालीला डेंगू झाला होता. तेव्हा दीपनगरच्या त्या दोन खोल्यांत पाय ठेवायला जागा नव्हती. मामा, मावश्या, शेजारी. नारळ, सफरचंदं, पपईच्या पानांचा रस. आबा, जे घरातून कुठे हलत नाहीत, ते बसने तिला भेटायला गेले. मीही गेले होते, चार दिवस राहून तिचा स्वयंपाक केला होता.

माझ्याकडे कोण आलं? कोणी नाही. फोन आले. "काय झालं होतं? दाढ का? दाढच ना?" आणि मग तो विनोद. माझा गाल केवढा सुजला होता, डावा डोळा बारीक झाला होता, पण दाढेच्या दुखण्याला नारळ मिळत नाही. मी आरशासमोर उभी राहून विचार करत होते की डेंगू बरा. खोटं कशाला बोलू, खरंच हे मनात आलं.

शुक्रवारी वैशाली आली. आली ती सरळ माझ्या खोलीत. "काय व्हयनं, ताई? केवढं सुजनं!" म्हणाली, आणि पिशवीतून बर्फाची रबरी पिशवी काढून माझ्या गालाला लावली. मग तिने ओटा ताब्यात घेतला. माझ्यासाठी मऊ भात, उडदाची डाळ गार करून, केळं कुस्करून दुधात. दिवसातून सहा वेळा गुळणीचा पेला घेऊन यायची. पाणी कोमट म्हणजे कोमटच, आणि मीठ असं की सहाच्या सहा वेळा तेवढंच. ना कमी ना जास्त. मला त्याचाही राग आला. म्हटलं, हिला हात आहे.

मुलं तिच्या मागे. अक्का तिच्याशी हसून बोलत होत्या. नवरा जेवताना म्हणाला, "डाळ काय झाली आहे!" इतक्या वर्षांत माझ्या डाळीचं त्याने नाव काढलेलं नाही.

मला बोलता येत नव्हतं, म्हणून मी मुलाच्या वहीत लिहून दिलं, "मग तिलाच ठेवून घ्या इथे."

त्याने वाचलं. हसला नाही. म्हणाला, "तुला दाढ दुखते आहे की वैशाली दुखते आहे?"

वही मिटून मी भिंतीकडे तोंड करून पडले. दोन्ही दुखत होतं, आणि एकाच बाजूला.

पंजा

रविवारी सकाळीच अंगणात काड्या पेटल्या. मला लांब पेरूच्या झाडाखाली खुर्ची टाकून दिली होती, गालाला ओढणी बांधून. वांगी फुटल्याचा वास आला आणि तोंडाला पाणी सुटलं. टाक्यांवर ते पाणीसुद्धा झोंबलं.

अक्कांनी बडगी बाहेर आणली. सगळ्या भाऊबंदांच्या बायका तिथेच होत्या. अक्कांनी दांडा वैशालीच्या हातात दिला आणि म्हणाल्या, "घे. आज तूच थोरली."

त्यांच्या मनात काही नव्हतं. मला माहीत आहे. पण त्या वाक्याने माझ्या अंगाची आग आग झाली.

वैशाली पदर खोचून बसली. सहा वर्षं ती माझ्या शेजारी बसून वांगी सोलत आली आहे, आज पहिल्यांदा दांडा तिच्याकडे. मी बघत होते, काही चुकतं का. चुकत नव्हतं. मिरच्या भाजून ठेचल्या, लसूण ठेचला, मग वांगी. दाण्याची फोडणी, कांद्याची पात. हात छान चालत होता तिचा. शेवटी तिने मिठाचा डबा ओढला आणि अंगणातून मोठ्याने विचारलं, "ताई, मीठ किती मुठी?"

सगळ्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या.

मी हात वर केला. आणि पाचही बोटं दाखवली.

चुकून नाही. गोळ्यांच्या गुंगीत नाही. पूर्ण शुद्धीत, तीन माहीत असताना, मी पंजा दाखवला. चाखून कोणी बघणार नव्हतं. नैवेद्य दाखवला जाणार, पंगत बसणार, चाळीस माणसं पहिला घास घेणार आणि वैशालीकडे बघणार. मग कोणीतरी म्हणेल, थोरलीची सर नाही हो. मला फक्त तेवढं वाक्य ऐकायचं होतं.

तिने माझ्या हाताकडे बघितलं. जरा जास्तच वेळ बघितलं. मग मान हलवली आणि माझ्याकडे पाठ करून डब्यात हात घातला.

तळी भरली. "येळकोट येळकोट, जय मल्हार" झालं. माझ्या तोंडून अर्धवटच निघालं, आणि मला देवाकडे बघवेना. तेव्हा कुठे माझ्या टाळक्यात आलं की पहिला घास देवाच्या पुढे गेला आहे. माझ्या जळफळाटाचं मीठ मी देवाच्या पानात वाढलं होतं.

पंगत बसली. आबा मिठाच्या बाबतीत फार कडक. भाकरी मोडून त्यांनी घास घेतला. मी खुर्चीचा हात घट्ट धरला.

आबांनी दुसरा घास घेतला. तिसरा घेतला. मग वाटी पुढे केली. "वाढा अजून. अरे, हे थोरलीच्याच हातचं आहे की काय?"

"ताईंच्याच हातचं आहे, आबा," वैशाली वाढता वाढता म्हणाली. "मी नुसतं ठेचलं. मीठ सगळं ताईंनी बोटांवर सांगितलं."

आणि चाळीस माणसं माझ्याकडे बघून म्हणाली, वा! कोणीतरी म्हणालं, दाढ काढली तरी अंदाज चुकला नाही.

तेवढ्यात वैशालीने माझ्या हातात एक वाटी आणून ठेवली. त्याच बडगीतलं, माझ्यासाठी मिरचीचे तुकडे वेचून काढलेलं, बारीक ठेचलेलं, गार केलेलं भरीत. मी उजव्या बाजूने थोडं खाल्लं. मीठ बरोबर होतं. माझ्या तीन मुठींचं, तिसरी हात आखडता घेऊन.

मला रडू फुटलं. तोंड उघडत नाही, तशात रडायला आलं की फार वाईट अवस्था होते. नवरा पंगतीतून उठून गोळी शोधायला धावला. अक्का म्हणाल्या, "काय झालं वं? टाके तुटले का?" सगळ्यांना वाटलं, दाढ दुखते आहे. मी कोणाला काही सांगितलं नाही.

सहावी गुळणी

संध्याकाळी, लोक गेल्यावर, ती पेला घेऊन आली. मी गुळणी केली. मग वही बाजूला सारली आणि जमेल तसं बोलले.

"वैशाली, मी मुद्दाम पाच दाखवली."

"माले मालूम व्हतं," ती म्हणाली. तिच्या तोंडून अहिराणी निघाली म्हणजे ती खरं बोलत होती. "सहा वर्षं तुमच्या शेजारी बसते मी. तुमचा हात तीनदा डब्यात जातो."

"मग?"

"मग काय? देवाचा नैवेद्य होता. तुमच्या रागासाठी देवाला खारट खाऊ घालू का?"

"तुला राग नाही आला?"

"आला ना! असा आला, वाटलं दांडा फेकावा." तिने माझ्या हातातला पेला घेतला. "म्हणून तर सगळ्यांसमोर तुमचं नाव घेतलं."

चार दिवसांत इंजेक्शन, ड्रिल, टाके सगळं झालं, पण त्यातलं काही एवढं आत लागलं नव्हतं.

दाराशी जाऊन ती थांबली. "आणि ताई, खरं सांगू? डेंगूत तुम्ही माझ्याकडे चार दिवस होतात, तेव्हा हे रोज म्हणायचे, वहिनीची भाकरी बघ. मला तेव्हा असं वाटत होतं की तुम्हाला डेंगू व्हावा."

मला हसू आलं. टाक्यांवर ताण पडला, रक्ताची चव आली. डॉक्टर बाईंनी हसायला मनाई केली नव्हती, पण करायला हवी होती.

उजवी

आठ दिवसांनी टाके निघाले. पंधरा दिवसांनी तोंड पूर्ण उघडलं. दाढेच्या जागी खड्डा राहतो, त्यात दाणा अडकतो, मग तोही भरून येतो. महिन्याने मी शेंगदाण्याची चिक्की खाल्ली आणि आपण परत माणसात आलो असं वाटलं. तुमचंही होईल. घाबरू नका. फक्त वेळेवर जा, आणि घरात गुळणीचा पेला आणून देणारं जे कोणी असेल त्याच्याशी नीट वागा.

मत्सर गेला का? नाही गेला. परवाच तिने दीपनगरच्या क्वार्टरमध्ये नवीन फ्रीज घेतला, तेव्हा मला दोन दिवस नीट जेवण गेलं नाही. पण आता मी तिला फोन करून सांगते की मला हेवा वाटतो आहे. ती म्हणते, वाटू द्या.

उजवी दाढ अजून तोंडात आहे, तशीच आडवी. डॉक्टर बाई म्हणाल्या, घाई नाही, पण वर्षाच्या आत काढून टाका. मी कॅलेंडर मागितलं, मार्गशीर्ष शोधला, आणि चंपाषष्ठीच्या आधीच्या गुरुवारावर बोट ठेवलं.

"गेल्या वेळी याच आठवड्यासाठी भांडला होतात ना तुम्ही?" त्या म्हणाल्या.

"हो. म्हणूनच."

घरी येऊन वैशालीला फोन लावला. म्हटलं, या वर्षी बडगी तुझ्याकडे, माझी दाढ आहे. ती हळूच म्हणाली, "मीठ किती मुठी घालू, ताई?"

"तुला माहीत आहे," मी म्हटलं.